आली, आली, रुसली

इंगळेभाऊंच्या आधी माझी ओळख त्यांच्या प्रोग्रामशी झाली. नोकरीचा माझा पहिला दिवस होता. समोरच्या काळ्या पडद्यावर मला सांगितलेला शब्द मी टाइप केला, एंटर दाबलं आणि पडद्याने विचारलं, "जेवन झालं का?"

इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध वऱ्हाडीत.

मी गोंधळून 'एन' दाबलं. पडदा म्हणाला, "एन म्हंजे काय? नीट सांगा." मग मी 'नाही' असं पूर्ण टाइप केलं. त्यावर तो म्हणाला, "मंग आधी जेवून घ्या. फाइली कुठी पळून नाही जात." आणि प्रोग्राम बंद पडला.

नव्या मुलीची कोणीतरी गंमत करतंय असं वाटून मी मागे वळले. मागे एक उंच, चांगलं पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस स्टीलचा डबा घेऊन उभा होता. तो गंभीरपणे म्हणाला, "खरं सांगतलं ना त्यानं? चाला ताई, डबा काढा."

हे मधुकर इंगळे. सगळे त्यांना इंगळेभाऊ म्हणायचे.

आमची कंपनी अमरावतीला राजापेठेत, एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होती. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या ज्या वजनकाट्यावर चढतात, त्या काट्याचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. फ्लॅटच्या हॉलमध्ये आम्ही बसायचो, बेडरूममध्ये मालक सुधीरभाऊ, आणि स्वयंपाकघरात, ओट्यावर, जिथे एरवी गॅसची शेगडी असते तिथे, सर्व्हर. शेजारच्या बेसिनचा नळ गळायचा. त्याखाली इंगळेभाऊंनी घरून आणलेलं पितळेचं पातेलं, त्यांच्या भाषेत गंज, ठेवलं होतं. स्वयंपाकघरात चपला घालून जायला बंदी होती. सुधीरभाऊ एकदा बूट घालून शिरले, तर इंगळेभाऊंनी त्यांना बाहेर काढलं. मालकाला.

प्रत्येक जिनिंगचा काटा वेगळा आणि काट्याशी बोलणारी यंत्रंही वेगळी. त्यासाठी लागणाऱ्या तयार फाइलींना लायब्ररी म्हणतात. त्या सगळ्या सर्व्हरवरच्या एका मोठ्या फोल्डरात असायच्या. त्याला आम्ही कोठार म्हणत होतो. ज्या गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर बांधायचं, त्याच्या फाइली कोठारातून शोधून कामाच्या फोल्डरात कॉपी करायच्या आणि मग बिल्ड करायचं, म्हणजे सगळं जोडून चालतं सॉफ्टवेअर तयार करायचं. फाइली आणण्याच्या कामासाठी इंगळेभाऊंनी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली होती. तिचं नाव 'आन', म्हणजे आण. 'आन अकोला' असं टाइप केलं की ती अकोल्याच्या जिनिंगच्या फाइली आणायची.

पण मुकाट्याने नाही. "काय काय आनू?" विचारायची. "कुठी ठेवू?" विचारायची. "पक्कं ना?" याला 'हो' म्हटलेलं तिला चालायचं नाही, 'हाव'च लागायचं. मग एकेक फाइल कॉपी होताना ती नाव घेऊन सांगायची, आली. आली. आली. लग्नाच्या मांडवात दाराशी उभं राहून कोणी पाहुणे मोजावेत तसं. एखादी फाइल सापडली नाही की लिहायची, "रुसली." शेवटी, "झालं. येतो."

"रुसली कशाला?" मी एकदा विचारलं. "सापडली नाही असं लिहा ना."

"सापडली नाही म्हटलं का मानूस घाबरते," इंगळेभाऊ म्हणाले. "रुसली म्हटलं का समजूत काढाले लागते. काम तेच आहे, पन मानूस कामाले लागते."

स्वतःविषयी त्यांचं मत फार चांगलं होतं. गणितात एम.एस्सी. केल्याचं ते पाणी मागतानाही सांगू शकत. चांदूर बाजारला त्यांची शेती होती, भाजीपाला आणि थोडी संत्री. तिथून ते रोज मोटरसायकलने अमरावतीला येत, आणि उशीर झाला तर कधीही कारण देत नसत. "रस्ता लांब आहे," एवढंच. तो रोजच तेवढा लांब असतो असं सुधीरभाऊंनी म्हटलं की म्हणायचे, "मंग रोजच उशीर समजा."

त्या वर्षीच्या पितृपक्षात पहिलं महाभारत झालं. अकोल्याच्या एका जिनिंगने नवा काटा बसवला होता आणि त्याची नवी लायब्ररी आणायची होती. सुधीरभाऊ स्वतः येऊन बसले, 'आन अकोला' टाइप केलं. पडदा म्हणाला, "पंधरवडा चालू आहे. नवीन वस्तू आनत नसतात. सर्वपित्री झाली का या."

सुधीरभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "इंगळे! हे काय आहे?"

इंगळेभाऊ संत्र सोलत होते. "बरोबरच आहे ना," ते म्हणाले. "तुमच्या घरी आनता का पितरात नवीन फ्रीज?"

"अहो, हा कॉम्प्युटर आहे!"

"मंग त्याले काय पितर नसतात? याच्या आधीचा कॉम्प्युटर कुठी गेला?"

सुधीरभाऊ चिडले आणि फाइली हाताने कॉपी करतो म्हणाले. कुठली फाइल कोणाची ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी अख्खं कोठार उचलून कामाच्या फोल्डरात ओतलं आणि बिल्ड केलं. तपासणीसाठी आमच्या गॅलरीत एक लहान काटा असायचा. त्यावर ते स्वतः उभे राहिले. काट्याने त्यांचं वजन क्विंटलमध्ये दाखवलं आणि पावती छापली. माल, कापूस. प्रत, दुय्यम.

इंगळेभाऊंनी पावती वाचली. तोंड फिरवून संत्र्याच्या बिया काढत बसले.

शेवटी सुधीरभाऊंनी कॉम्प्युटरची तारीखच पुढे ढकलून दसऱ्यावर नेली. 'आन'ने लगेच दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या आणि मुकाट फाइली आणल्या. तारीख मागे न्यायची मात्र कोणाला आठवण राहिली नाही, आणि हजेरीच्या यंत्राने आम्ही सगळे दसऱ्याच्या सुट्टीत कामावर आल्याचं दाखवलं.

नंतर मी इंगळेभाऊंना विचारलं, हे खरंच पितरांसाठी होतं का. ते म्हणाले, "हंगामाच्या तोंडावर नवीन फाइल घातली का काही तरी बिघडतेच. ते थांबवाले केलं मी. आता नुसतं 'मनाई आहे' लिहिलं असतं तं या मानसानं ऐकलं असतं? पितरांचं नाव काढलं तं निदान तारीख तं बदलावी लागली त्याले."

आणि खरंच बिघडलं.

अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त होता. जुन्या शहरात राहणारे जिनिंगचे म्हातारे मालक शेठजी हार, नारळ घेऊन काट्यापाशी हजर. मागे कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. आणि नवा काटा काही केल्या आमच्या सॉफ्टवेअरशी बोलेना. जागेवरच नव्याने बिल्ड करणं भाग होतं. मी आणि सुधीरभाऊ तिथे होतो, पण इंगळेभाऊंनी नेमकी त्या दिवशी सुट्टी घेतलेली. त्यांच्या पुतणीला पाहायला पाहुणे येणार होते.

कोठाराची प्रत मी लॅपटॉपवर आणली होती, तिच्यावर 'आन' चालवली. आली, आली, आली, आणि मग काट्याशी बोलणारी नेमकी तीच फाइल, "रुसली."

रांगेतले हॉर्न वाजवू लागले. एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून विचारून गेला, "काय झालं बाप्पा, करून राहिले का बसून राहिले?" शेठजींनी नारळ खाली ठेवला आणि ते शांतपणे म्हणाले, "आज मोजमाप झालं नाही, तर हंगाम तुमच्यासोबत नाही." ते गिऱ्हाईक गेलं असतं तर आमचे निम्मे लोक घरी बसले असते.

मी इंगळेभाऊंना फोन लावला. पलीकडे बशा वाजल्याचे आवाज येत होते.

"भाऊ, एक रुसली."

"रुसली?" इंगळेभाऊंचा आवाज एकदम चढला. त्यांना हळू बोलता यायचंच नाही. "ऐन वेळेवर? कावून रुसली?"

"ते कळत नाहीये. बाकीच्या सगळ्या आल्या."

"बाकीच्यांचं काय करता? सारं तिच्यावर तं अडकून आहे! कोन्या नावानं बोलावलं तिले?"

मी नाव वाचून दाखवलं.

"हात्तिच्या! त्या नावानं ते कशी येईन? नवीन मालकानं नाव बदलवलं तिचं. पयलं अक्षर मोठं टाका. मानानं बोलावा तिले, मानानं! नाही आली तं जुनी उचलून आना, कोनाले समजत नाही!"

मधल्या काळात काट्याची कंपनी दुसऱ्याने विकत घेतली होती आणि त्याने फाइलचं नाव बदललं होतं. मी यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं आणि पुन्हा चालवलं. आली. बिल्ड झालं. पहिली गाडी काट्यावर चढली, आकडा उमटला, शेठजींनी नारळ फोडला. तो खिडकीतला ड्रायव्हर जाताना मला म्हणाला, "मानानं बोलावलं असतं आधीच, तं इतका टाइम नसता गेला ना." फोन स्पीकरवर होता. सगळ्या रांगेने ऐकलं होतं.

तिकडे चांदूर बाजारला काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. इंगळेभाऊ फोन ठेवून वळले, तर मुलाकडची सगळी मंडळी पोह्यांच्या बशा हातात धरून त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मुलाचे वडील म्हणाले, "रुसली असन तं जबरदस्ती नोको, आमी पुन्हा येऊ." मुलाची आत्या म्हणाली, "अन हे जुनी उचलून आना म्हंजे कोन? कोनाले समजत नाही म्हंजे?"

इंगळेभाऊंनी मग भर बैठकीत लायब्ररी म्हणजे काय, कोठार म्हणजे काय आणि फाइली कॉपी कशा होतात ते समजावून सांगितलं. पोह्याची बशी कोठार, चहाची बशी कामाचं फोल्डर. शेंगदाणे एकेक करून इकडून तिकडे नेऊन दाखवले. कोणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. ते संपल्यावर मुलाने मुलीला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या काकाचं हे नेहमीचंच आहे का?"

मुलगी म्हणाली, "हाव."

मुलाने होकार दिला. लग्नात आम्ही सगळे जेवून आलो.

पुढे दोनेक वर्षांनी पुण्याची एक मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायला निघाली. घेण्याआधी त्यांनी आमचे सगळे प्रोग्राम आणि त्यांच्या नोंदी तपासायला मागवल्या. काही दिवसांनी त्यांच्या सुरक्षा विभागाचा गंभीर निरोप आला की तुमच्या व्यवस्थेत 'रुसली' नावाचा एक रशियन घटक दिसतो, त्याचा खुलासा करा.

व्हिडिओवर बैठक झाली. पलीकडे बरीच मंडळी होती, बहुतेक मराठी न समजणारी. सुधीरभाऊ घाबरून इंग्रजीत सांगू लागले की आम्ही रशियाकडून काहीही घेत नाही, कधी घेतलं नाही. पलीकडच्या बाईंनी विचारलं, मग तो इतक्या ठिकाणी कसा दिसतो? आणि शेवटी दर वेळी सही करून जाणारा 'येतो' कोण, तो जपानी आहे का?

सुधीरभाऊंनी इंगळेभाऊंकडे पाहिलं. इंगळेभाऊ पुढे सरकले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, ती रशियन नाही. ती फक्त नाराज आहे."

एवढ्यात एका चौकटीतला एक तरुण, ज्याने आपला माइक बंद आहे असा समज करून घेतला होता, हसत सुटला. "अरे देवा, रुसली म्हणजे रुसलीय!" आणि टेबलाखाली गेल्यासारखा दिसेनासा झाला.

तो अनिरुद्ध. आमचं बिल्ड पुण्याच्या नव्या व्यवस्थेवर न्यायला मग त्यालाच अमरावतीला धाडलं. सोबत आणखी एक काम दिलं होतं, कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही ते कळवायचं. हे कोणी बोललं नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो आला त्या सकाळी ऑफिसात प्रत्येक जण विनाकारण टाइप करत होता.

इंगळेभाऊंनी त्याला दारातच चपला कुठे काढायच्या ते दाखवलं, ओट्यापाशी नेलं, सर्व्हरची ओळख करून दिली आणि चहा पाजला. 'आन'मधली एकेक ओळ वाचून समजावली. तो मधेच हसू दाबायचा, मधेच काहीतरी लिहून घ्यायचा. एकदा त्याने विचारलं, "पण काका, हे बोलणं कशाला घातलंत यात? कॉपी करायला दोन ओळी पुरतात."

इंगळेभाऊ म्हणाले, "मी पयल्यांदा अकोल्याले नोकरीले लागलो ना, तवा पयल्याच दिवशी कॉम्प्युटरवर काही तरी कराले गेलो. त्यानं लिहिलं, परमिशन डिनाइड. मले वाटलं साहेबानं लिहून ठेवलं, माह्यासाठी. मी उठून बाहेर जाऊन बसलो. दुपारपर्यंत तसाच. कोनी काही म्हनत नाही, मी कोनाले काही विचारत नाही. घरी जाऊन बायकोले सांगतलं, नोकरी गेली. ते रडाले लागली." ते हसले. "दुसऱ्या दिवशी साहेब म्हने, इंगळे काल कुठी होते? तवा ठरवलं, माह्या हाताखालचं यंत्र कोनाले असं तोडून बोलनार नाही."

अनिरुद्ध हसला नाही. त्याने लिहायचं पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची नवी व्यवस्था तयार झाली. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात गोळा झालो. खरं सांगायचं तर ती फसावी असंच आम्हाला वाटत होतं. सुधीरभाऊंनी तर हळूच विचारलं, आज अमावास्या वगैरे आहे का.

अनिरुद्धने एक बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी रेघ आली.

"झालं?" इंगळेभाऊंनी विचारलं.

"झालं."

"साऱ्या आल्या?"

"सगळ्या आल्या, काका."

इंगळेभाऊंनी वाकून फोल्डर उघडलं. एकेक फाइल बोटाने मोजली. सगळ्या होत्या, बरोबर होत्या. बिल्ड केलं, गॅलरीतल्या काट्यावर स्वतः उभे राहिले. वजन बरोबर आलं. त्यांच्या मनासारखं नव्हतं, पण बरोबर होतं. त्यांनी उतरून अनिरुद्धच्या पाठीवर थाप मारली. "भल्ला भारी केलं. एकदम भारी. फक्त मुका आहे."

मग त्यांनी 'आन' स्वतःच्या हाताने काढून टाकली. अनिरुद्ध म्हणत होता, राहू द्या काका, एका कोपऱ्यात राहील. ते म्हणाले, "काम नसतानी कोपऱ्यात कायले बसवायचं तिले?"

मी पाणी घ्यायला आत गेले तेव्हा ते दोघंच ओट्यापाशी होते. अनिरुद्ध सांगत होता, "मी वर कळवलंय, काका. तुम्ही हवे आहात म्हणून. काम काय द्यायचं ते नंतर बघू."

"नोको ना बाप्पा," इंगळेभाऊ म्हणाले. "मी सुधीरभाऊले सकाळीच सांगतलं, उद्यापासून येत नाही म्हनून."

"सकाळी? अहो, सकाळी तर माझं चालतं की नाही तेही ठरलं नव्हतं."

"तुले नसन ठरलं."

अनिरुद्धने नळाकडे पाहिलं, सर्व्हरकडे पाहिलं. इंगळेभाऊंनी ग्लास त्याच्या हातात दिला. "पानी पी. तुही गाडी कितीची आहे?"

"संध्याकाळची."

"मंग लय टाइम आहे. चाल घरी. बायकोनं निखाऱ्यावर पानगे भाजाले लावले आहेत, वांग्याची भाजी आहे."

"काका, घर जवळ आहे ना? गाडी चुकायला नको."

"हे काय, इथीच. अन चुकली तं उद्या दुसरी आहे. पानगे थंडे झाले तं दुसरे नाहीत."

मी अनिरुद्धला सांगणार होते की ते 'इथीच' म्हणजे चांदूर बाजार, तासाभराच्या पुढचा रस्ता. इंगळेभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा घोट गिळला.

थोड्या वेळाने मी गॅलरीत गेले. खाली राजापेठेच्या गर्दीत इंगळेभाऊंची मोटरसायकल दिसली. मागे अनिरुद्ध, पाठीवर लॅपटॉपची बॅग, एका हाताने इंगळेभाऊंचं पोट कसंबसं धरलेलं, दुसऱ्या हातात फोन. स्टेशनचा रस्ता मागे पडत चालला होता आणि तो फोनच्या नकाशाकडे पाहून काहीतरी ओरडून सांगत होता. चौकात गाडी थांबली. इंगळेभाऊ अर्धे मागे वळून त्याला काही बोलले. काय ते इतक्या वरून ऐकू आलं नाही. पण अनिरुद्ध मान मागे टाकून हसला, फोन खिशात घातला आणि दोन्ही हातांनी त्यांना घट्ट धरलं. मग सिग्नल सुटला.